एकट्या वकिलाचा क्लब

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गाव सोडून शहरात आलात, की पहिले काही रविवार अक्षरशः खायला उठतात, हो ना? रूम पार्टनर गावाला गेलेला, मेस बंद आणि बोलायला कुणी नाही. असेच कितीतरी रविवार शिकागोत एका तरुण वकिलाने काढले. त्याचं नाव पॉल हॅरिस. रोटरी क्लबचं ते दातेरी चाक तुम्ही चौकात किंवा रक्तदान शिबिराच्या बॅनरवर पाहिलं असेल. ते फिरायला लागलं याच माणसामुळे.

पॉलचा जन्म १९ एप्रिल १८६८ चा, अमेरिकेतल्या रासीन गावचा. वडिलांचा धंदा बसला आणि तीन वर्षांच्या पॉलला व्हरमाँटमधल्या छोट्याशा वॉलिंगफर्डला आजी-आजोबांकडे पाठवलं गेलं. तिथे सगळे सगळ्यांना ओळखायचे. पोरगं मात्र उचापती! एका कॉलेजने तर त्याला काढूनच टाकलं. १८९१ मध्ये तो वकील झाला, पण लगेच कोर्टात उभा राहिला नाही. पाच वर्षं देशभर भटकला. वार्ताहर, नट, काउबॉय, संगमरवराचा विक्रेता, काय काय झाला! १८९६ मध्ये शिकागोत स्थिरावला. काम मिळालं, मित्र काही मिळेनात.

एकदा एक वकील मित्र त्याला आपल्या उपनगरात फिरायला घेऊन गेला. तिथले दुकानदार मित्राला नावाने हाक मारत होते. पॉलला वॉलिंगफर्ड आठवलं. हे शिकागोत का नाही जमणार?

२३ फेब्रुवारी १९०५ ला तो तिघांना भेटला. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणकाम इंजिनिअर आणि एक शिंपी. बैठक आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात, म्हणून नाव रोटरी. पहिलं अध्यक्षपद पॉलने स्वतः घेतलं नाही, कोळसेवाल्या सिल्व्हेस्टर शीलला दिलं.

पण एक सांगायला हवं. हा क्लब सुरुवातीला समाजसेवेसाठी नव्हताच. मैत्री करायची आणि एकमेकांना धंदा द्यायचा, बस्स. १९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलाला आमंत्रण गेलं, तर त्याने चक्क नकार दिला. जो क्लब फक्त आपल्याच सभासदांचं भलं बघतो, त्यात त्याला रस नव्हता. दुसरा कुणी असता तर रागावला असता. पॉलला मात्र ते पटलं. क्लबच्या उद्देशात शहराचं हित आलं आणि कार्टरही सभासद झाला.

पुढच्या वर्षी पॉल अध्यक्ष झाला. पहिलं मोठं काम कोणतं घेतलं असेल? सार्वजनिक शौचालय! शिकागोत कामाला आलेल्यांना तेव्हा दारूच्या गुत्त्यात किंवा बड्या दुकानात शिरावं लागे. गुत्तेवाल्यांनी आणि दुकानदारांनी विरोध केला. क्लबने इतर संस्थांना सोबत घेतलं, महापालिकेचा पिच्छा पुरवला आणि १९०९ मध्ये शौचालय उभं राहिलं. फोटोत मिरवावं असं काम नव्हे ते, पण आपल्या बसस्टँडवर तासभर उभ्या राहिलेल्या कुठल्याही मुलीला विचारा, त्याची किंमत ती सांगेल.

१९१० पर्यंत अमेरिकेत १६ क्लब झाले. १९२० पर्यंत रोटरी कोलकात्यात पोचली. २७ जानेवारी १९४७ ला पॉल गेला. त्याच्या आठवणीत जगभरातून देणग्या आल्या आणि त्यातून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. एक उणीव मात्र राहिली. या क्लबची दारं महिलांना उघडायला १९८९ उजाडलं.

तुमच्या कॉलेजात रोटरॅक्ट असेल, एनएसएस असेल, गल्लीत एखादं मंडळ असेल. एकटं वाटतं म्हणून गेलात तरी काही बिघडत नाही, पॉलही तसाच गेला होता. फक्त दुसऱ्या-तिसऱ्या मीटिंगला कार्टरचा प्रश्न विचारा: आपल्या क्लबचा बाहेरच्यांना काय उपयोग? उत्तर आलं नाही, तर पहिलं काम तुम्हीच सुचवा.