परफ्यूमवरचं ‘अंबर’ आणि ‘ऊद’ म्हणजे नेमकं काय? ४६० वर्षांपूर्वी गोव्यात बसून वासांची नावं तपासणारा गार्सिया द ओर्ता

विरारच्या पश्चिमेला, आगाशीजवळ नंदाखाल आहे. वसई-विरारच्या या पट्ट्यातला सोनचाफा आणि मोगरा मुंबईच्या फुलबाजारात जातो. डोळे मिटून फूल ओळखणारी माणसं इथे घरोघरी सापडतील. पण हीच माणसं मॉलमधल्या परफ्यूमच्या काउंटरवर गेली की गोंधळतात. टॉप नोट, बेस नोट, अंबर, ऊद, बेन्झोइन, सियाज... या शब्दांचं करायचं काय?

गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच शब्दांमागच्या वस्तू आपल्याच किनाऱ्यावर एका माणसाने हातात घेऊन, हुंगून, व्यापाऱ्यांना विचारून तपासल्या होत्या. मुंबई बेट एकेकाळी त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता.

हाकललेल्या कुटुंबातला मुलगा

ओर्ताचा जन्म साधारण १५०० साली पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिदे या गावात झाला. आई-वडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढलं, तेव्हा त्यांनी पोर्तुगालचा आसरा घेतला. पण १४९७ मध्ये पोर्तुगालनेही ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं. अशा कुटुंबांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. चर्चमध्ये गेले, नाव बदललं, तरी त्यांच्यावरचा संशय काही जात नसे.

ओर्ता स्पेनमधल्या सालामांका आणि अल्काला इथे शिकला, वैद्य झाला आणि लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. मार्च १५३४ मध्ये मार्तिम आफोन्सो द सोझा या दर्यासारंगाचा वैद्य म्हणून तो भारताकडे निघाला आणि सप्टेंबरमध्ये गोव्याला पोचला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. नंदाखालच्या आसपासचा मुलूखही त्यांच्याकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकेपर्यंत त्यांच्याकडेच राहिला.

दोन वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. धर्मात खोट शोधणारं हे चर्चचं न्यायालय. नव्या ख्रिस्त्यांसाठी परतीची वाट आता धोक्याची झाली होती. ओर्ता उरलेलं आयुष्य इकडेच राहिला.

दरबार, बाजार आणि मुंबई बेट

गोव्यात ओर्ताचा जम बसला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावर तो उपचार करायचा. तिथल्या हकिमांशी त्याच्या चर्चा होत. गोव्यात मलुपा नावाचा हिंदू वैद्य त्याच्या ओळखीचा होता. औषधं आणि रत्नांचा व्यापारही तो करायचा. त्यामुळे मलाक्का, चीन, तिमोर, अरबस्तानकडून येणारा माल त्याच्यापर्यंत पोचायचा.

१५५० च्या दशकात मुंबई बेट त्याच्या ताब्यात होतं. तेव्हा हे बेट वसईच्या कारभाराखाली येत असे. फोर्टमध्ये आज जिथे नौदलाचं आयएनएस आंग्रे आहे, तिथे त्याचा वाडा होता असं मानलं जातं. आपल्या बेटावरच्या, वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे.

१५६३ मध्ये गोव्यात त्याचं पुस्तक छापलं गेलं. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. त्यात भारतातल्या औषधी आणि सुगंधी पदार्थांवर ५९ संवाद आहेत. रुआनो नावाचा काल्पनिक पाहुणा प्रश्न विचारतो, ओर्ता उत्तरं देतो. त्याची पद्धत साधी होती. जुने ग्रीक आणि अरबी ग्रंथ काय म्हणतात ते बघायचं, मग प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवायची, तिला अरबीत, मलयात, गुजरातीत, कोकणात काय म्हणतात ते विचारायचं आणि एकाच नावाखाली दोन वस्तू खपत असतील तर त्या वेगळ्या करायच्या.

परफ्यूमची भाषा समजून घ्यायला आज हीच पद्धत उपयोगी पडते.

नोट म्हणजे काय?

परफ्यूम सगळा वास एकदम सोडत नाही. हलके घटक लवकर उडून जातात, जड घटक मागे राहतात. या टप्प्यांना नोट म्हणतात.

टॉप नोट म्हणजे फवारल्याबरोबर येणारा वास. लिंबू, संत्रं, कापरासारखा थंडावा. हा पहिली १०-१५ मिनिटं टिकतो. कापराचा डबा उघडा राहिला की वड्या आपोआप झिजतात, तशीच ही उडून जाणारी जात. ओर्ताच्या पुस्तकात कापरावर वेगळा संवाद आहे. बोर्निओचा कापूर आणि चीनचा कापूर एक नव्हेत आणि बोर्निओचा कितीतरी पटींनी महाग आहे, असं तो सांगतो. या बोर्निओच्या कापरालाच आपल्याकडे भीमसेनी कापूर म्हणतात.

हार्ट नोट किंवा मिडल नोट म्हणजे मधला टप्पा. मोगरा, गुलाब, चाफा अशी फुलं इथे येतात. बाटलीवर ‘फ्लोरल’ लिहिलेलं असतं ते यामुळे. ओर्ताने पारिजातकावरही लिहिलं. रात्री फुलणारं, सकाळी सडा टाकणारं हे झाड त्याच्या पुस्तकात ‘दुःखी झाड’ या नावाने येतं. केशरी देठांनी जेवणाला रंग आणतात, हेही त्याने टिपलं आहे.

फुलाचा वास बाटलीत भरायचे दोन मुख्य मार्ग आहेत. वाफेने काढलं तर ‘इसेन्शियल ऑइल’. मोगऱ्यासारखं नाजूक फूल उष्णतेने बिघडतं, म्हणून त्याचा वास द्रावकात उतरवतात. त्याला ‘अॅब्सोल्यूट’ म्हणतात. कनौजचं पारंपरिक अत्तर मात्र तांब्याच्या भांड्यात, चंदनाच्या तेलावर वाफ उतरवून करतात.

बेस नोट म्हणजे शेवटी उरणारा वास, जो दुसऱ्या दिवशीही शर्टाला येतो. चंदन, अगरू, राळ, अंबर हे इथले घटक. म्हणून पहिल्या फवाऱ्यावर परफ्यूम विकत घेऊ नये. मनगटावर लावून तासभर फिरून यावं.

नावांचा खरा घोटाळा

ऊद: मराठी घरात ऊद घालणे म्हणजे निखाऱ्यावर राळ टाकून धूर करणे. परफ्यूममधला ‘ऊद’ वेगळा. अरबीत ऊद म्हणजे लाकूड, आणि इथे ते अगरूचं लाकूड. या झाडाच्या खोडाला बुरशी लागली की ते गडद, सुगंधी राळ तयार करतं. निरोगी लाकडाला तो वास नसतो. म्हणूनच खरा ऊद भयंकर महाग असतो.

बेन्झोइन: आपल्या ऊदाच्या धुरातली राळ बहुतेकदा हीच. अरबी व्यापारी तिला ‘लुबान जावी’, म्हणजे जावाकडचा लोबान, म्हणत. त्याचं युरोपात बेंजुई आणि पुढे बेन्झोइन झालं. ओर्ताने तिचे प्रकार वेगळे केले. बदामासारखे पांढरे ठिपके असलेली, काळी, आणि फुलांसारखा वास येणारी सर्वात महाग. परफ्यूममध्ये ती ‘फिक्सेटिव्ह’चं काम करते, म्हणजे उडून जाणारे वास धरून ठेवते.

चंदन: पांढरं-पिवळं आणि लाल चंदन ही वेगळी झाडं आहेत आणि वेगळ्या प्रदेशांतून येतात, हे ओर्ताने नोंदवलं. रक्तचंदनाला चंदनाचा वास नसतो. ‘वुडी’ म्हणतात तो वास पांढऱ्या चंदनासारख्या लाकडांचा.

अंबर: इथे एका नावामागे तीन वस्तू आहेत. पहिली तृणमणी, म्हणजे लाखो वर्षांपूर्वीची दगड झालेली राळ. दुसरी अंबरग्रीस. बातम्यांत पोलिसांनी पकडलेली ‘व्हेलची उलटी’ येते ती हीच. स्पर्म व्हेलच्या आतड्यात ती तयार होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा प्राणी संरक्षित असल्याने तिचा व्यापार आपल्याकडे गुन्हा आहे. तिसरी वस्तू बाटलीवरचं ‘अंबर’. ते बहुतेकदा बेन्झोइन, लॅबडॅनम नावाची राळ आणि व्हॅनिला यांचं मिश्रण असतं. अनेक वास एकत्र करून नवाच वास तयार होतो, त्याला ‘अकॉर्ड’ म्हणतात.

अंबरग्रीसबद्दल ओर्ता स्वतः चुकला. ते व्हेलपासून येतं हे त्याने मानलं नाही. काही बेटांवरची ती एक प्रकारची मातीच असावी, असं त्याचं मत होतं. पण अंदाज कोणता आणि पाहिलेलं काय, हे तो वेगळं ठेवायचा.

राहिला ‘सियाज’. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ जहाजामागे पाण्यावर उमटणारी रेघ. माणूस निघून गेल्यावर खोलीत रेंगाळणारा वास म्हणजे सियाज. ‘ओ द तॉयलेत’ आणि ‘ओ द पार्फम’ हे सुगंधी तेलाच्या प्रमाणावरून पडलेले प्रकार आहेत. पहिल्यात ते साधारण ५ ते १५ टक्के, दुसऱ्यात साधारण १५ ते २० टक्के.

मेल्यानंतरची शिक्षा

वस्तूला तिच्या खऱ्या नावानेच ओळखलं पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्या ओर्ताला स्वतःची ओळख मात्र आयुष्यभर दडवावी लागली. लिस्बनमध्ये त्याच्या दोन बहिणींना इन्क्विझिशनने पकडलं होतं. सुटल्यावर त्या आईसह १५४९ मध्ये गोव्याला आल्या. पण १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही पोचलं.

१५६८ मध्ये ओर्ता वारला. त्यानंतर बहीण कातारिना हिला अटक झाली. घरात गुपचूप ज्यू धर्म पाळला जात होता, हे चौकशीत बाहेर आलं. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जाळण्यात आलं. ओर्तावरही खटला चालला. १५८० मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली गेली.

पुस्तक मात्र त्यांच्या हाती राहिलं नव्हतं. ओर्ता जिवंत असतानाच, १५६७ मध्ये, क्लुसियस या वनस्पतितज्ज्ञाने त्याचा लॅटिन सारांश अँटवर्पमध्ये छापला होता आणि तो युरोपभर वाचला जात होता. कापूर, बेन्झोइन, अगरू, चंदन म्हणजे काय, हे अनेक युरोपीय वैद्यांना त्यातून कळलं.

गोव्यात आज ओर्ताचं थडगं नाही. पणजीत चर्च चौकाजवळच्या बागेला मात्र त्याचं नाव आहे.