चंचल मन आणि अभंग

प्रार्थनेला गुडघे टेकले की मन मंडईत पोहोचते, असे अनेक जण आम्हांला सांगतात. आमचेही तसेच होते. रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्या पंथाचे नव्हते, पण स्वभाव आपल्यासारखाच: उतावळा, विसराळू. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त ते सारे आले आहे. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. परक्या चालींत मराठी मन रमत नाही हे ओळखून ते पुढे तुकोबांच्या अभंगाकडे वळले. ओळ छोटी, टाळाचा ठेका. भटकलेले मन ध्रुपदाबरोबर पुन्हा ख्रिस्तापाशी येते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी इथेच साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न झालेल्यांनाही तिथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत ख्रिस्तवासी झाले. ‘ख्रिस्तायन’ अपुरेच राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.