नुसरत फतेह अली खान: वडिलांना डॉक्टर करायचं होतं, तो मुलगा कव्वालीचा बादशाह कसा झाला?

रील्स स्क्रोल करताना 'आफरीन आफरीन' ऐकलं नाही, असं क्वचितच कुणी असेल. आज हे गाणं अनेकांच्या आवाजात मिळतं, पण मूळ आवाज नुसरत फतेह अली खान यांचा. विशेष म्हणजे, त्यांनी कव्वाल होऊ नये अशी त्यांच्या वडिलांचीच इच्छा होती.

नुसरत यांचा जन्म १३ ऑक्टोबर १९४८ रोजी पाकिस्तानातल्या लायलपूरमध्ये, म्हणजे आजच्या फैसलाबादमध्ये झाला. घराणं मूळचं जालंधरचं, फाळणीनंतर तिकडे गेलेलं. सूफी संतांच्या दर्ग्यांवर कव्वाली गाण्याची घराण्याची परंपरा सुमारे ६०० वर्षांची असल्याचं सांगितलं जातं. वडील फतेह अली खान स्वतः नावाजलेले कव्वाल होते. पण कव्वालांना समाजात मान कमी, म्हणून मुलानं डॉक्टर व्हावं असं त्यांना वाटे. मुलाची ओढ पाहून अखेर त्यांनीच तालीम सुरू केली.

१९६४ मध्ये वडील गेले आणि ही तालीम अर्धवट राहिली. चाळिसाव्याच्या विधीला १५ वर्षांचे नुसरत पहिल्यांदा लोकांसमोर गायले. पुढे काकांनी त्यांना घडवलं. १९७१ मध्ये काका मुबारक अली खान यांचं निधन झालं आणि कव्वाली पार्टीची धुरा नुसरत यांच्याकडे आली.

त्यांनी वेगळं काय केलं?

कव्वालीत शब्दांना महत्त्व असतं. नुसरत यांनी त्यात वेगवान सरगम आणि ताना मिसळल्या. त्यामुळे पंजाबी किंवा उर्दू न कळणारेही गाण्यात रमू लागले. १९८५ मध्ये ब्रिटनमधल्या 'वोमॅड' महोत्सवात ते गायले आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना नवा आवाज सापडला. १९९० च्या 'मस्त मस्त' अल्बममध्ये कव्वालीला पाश्चात्त्य वाद्यांची जोड मिळाली. परंपरा मोडल्याची टीकाही झाली. तरीही दर्ग्यातली पारंपरिक कव्वाली त्यांनी सोडली नाही.

मुंबईच्या हिंदी सिनेसृष्टीशीही त्यांचं नातं जुळलं. 'बँडिट क्वीन'ला त्यांचं संगीत होतं. 'कच्चे धागे' १९९९ मध्ये आला, तेव्हा मात्र ते हयात नव्हते. १६ ऑगस्ट १९९७ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं ४८.

त्यांना मुलगा नव्हता. पुतण्या राहत यांना त्यांनी लहानपणापासून शिकवलं, सोबत गायला बसवलं. आज राहत फतेह अली खान हेच गाणं पुढे नेत आहेत. ज्या वडिलांना मुलगा कव्वालीपासून दूर हवा होता, त्यांचंच नाव आज नातवामुळेही जगभर पोहोचलं आहे.