दख्खनच्या माशांची नोंद ठेवणारा कर्नल: विल्यम हेन्री साइक्स

जोतिबाच्या डोंगरावरून खाली पाहिले की पंचगंगेचे खोरे दिसते. ऊस, भात आणि मध्येच चमकणारी शेततळी. या तळ्यांत आपण रोहू, मृगळ, सायप्रिनस, गवत्या यांची बोटुकली सोडतो. यातला एकही मासा मूळचा या नदीचा नाही. मग इकडच्या नद्यांचे मूळचे मासे कोणते? हे पाहायचे तर अभ्यासकांना दोनशे वर्षे मागे, एका लष्करी माणसाच्या नोंदींकडे जावे लागते.

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म 1790 चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. 1804 मध्ये, अगदी कोवळ्या वयात, ते कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत दाखल झाले. 1817 च्या खडकीच्या लढाईत ते पेशव्यांविरुद्ध लढले. म्हणजे आपल्या दृष्टीने ते शत्रूपक्षाचेच. पण 1824 मध्ये मुंबई सरकारने त्यांना दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले आणि तिथून त्यांचे खरे काम सुरू झाले. पिके, जमिनीचे हक्क, पाऊस, हवेचा दाब, पक्षी, रानातला कोळीसुरा हा रेशीमकिडा, काहीच त्यांनी सोडले नाही. खर्चकपातीत ते पद रद्द झाले, तरी काम पुरे करूनच ते 1831 मध्ये परतले.

मासे त्यांनी नदीकाठीच पाहिले. भीमा, मुळा-मुठा यांसारख्या नद्यांतले चाळीसहून अधिक मासे त्यांनी वर्णिले आणि 1838 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडले. त्यांची एक गोष्ट आवडण्यासारखी: शास्त्रीय नावांत त्यांनी कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच घातली. खडशीचे झाले खुद्री, शिंगटीचे सींगटी. उच्चार बिघडले, पण नावे टिकली. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष आणि ॲबर्डीनचे खासदार झाले. 1872 मध्ये लंडनमध्ये वारले.

त्यांच्या यादीत तिलापिया नाही, सायप्रिनस नाही. आपली चिलापी, म्हणजे मोझांबिक तिलापिया, भारतात आली 1952 मध्ये, श्रीलंकेमार्गे. योगायोग असा की त्याच वर्षी डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी पंचगंगेतल्या खवलचोर या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. दुसऱ्या माशांचे खवले खाणारा हा मासा कृष्णा खोऱ्यातलाच. चीनकडचे चंदेरा आणि गवत्या 1959 मध्ये आले. हेतू वाईट नव्हता. देशाला स्वस्त प्रथिने हवी होती आणि या माशांनी ती दिलीही.

अडचण होते ती मासा तळ्यातून ओढ्यात गेल्यावर. चिलापी तोंडात अंडी सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते. आपल्या बऱ्याच नदीमाशांना पावसाळ्याचा एकच हंगाम मिळतो, त्यातही वर चढायला वाटेत बंधारा आडवा. सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो. आफ्रिकन मागूर तर छोटे मासे सरळ गिळतो. त्याच्या पालनावर 2000 पासून बंदी आहे, ‘थाई मागूर’ म्हणून कोणी बीज देऊ केले तरी घेऊ नका.

साइक्सनी पुण्याजवळ पाहिलेल्या खडशीची कथा तर उलटीच. धरणे आणि बेसुमार मासेमारी यांमुळे ती घटू लागली, म्हणून लोणावळ्याच्या तलावावर तिचे बीज तयार झाले. चांगलेच काम ते. पण तेच बीज कावेरीतही सोडले गेले आणि तिथल्या मूळच्या मोठ्या, नारिंगी पराच्या महसीरला आपल्या खडशीने मागे रेटले. तो मासा आज नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. मुळा-मुठेची खडशी कावेरीत परकीच ठरली.

शेततळ्याच्या सांडव्याला आणि पाणी येण्या-जाण्याच्या तोंडाला बारीक जाळी पावसाआधीच बसवा. तळे रिकामे करताना उरलेले मासे ओढ्यात सोडू नका.