गौतमीपुत्र सातकर्णी

तुर्भ्याच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी आहे. उत्तरेस ती उल्हास नदीच्या खाडीला मिळते, आणि उल्हासच्या काठी कल्याण हे प्राचीन बंदर आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यातील गलबते सोन्यारुप्याची नाणी घेऊन या किनाऱ्यावर येत असत. त्या काळातील एका थोर राजाची ही हकीकत आहे.

गौतमी बलश्री ही त्याची आई. मातेच्याच नावाने हा सातवाहन राजा गौतमीपुत्र म्हणून ओळखला जातो. त्याच्या घराण्याचा नाशिक, कार्ले, जुन्नर हा मुलूख क्षहरात कुळातील नहपान क्षत्रपाने बळकावला होता. नहपानाचे रुप्याचे नाणे मोठे देखणे असे. एका अंगास राजाचा मुखवटा व भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या अंगास बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख.

राज्याच्या अठराव्या वर्षापर्यंत गौतमीपुत्राने हा मुलूख परत जिंकला. शत्रूचे राज्य बुडाले, परंतु त्याची नाणी लोकांच्या गाठीस राहिली. ती रद्द केली असती, तर वाणी, विणकर, शेतकरी सारेच नागवले गेले असते. राजाने नाणी बाद केली नाहीत. त्यांवरच आपला ठसा उमटविला. एका बाजूस तीन कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह! मला तर हा त्याचा रणांगणाइतकाच मोठा विजय वाटतो.

नाशिकच्या लेण्यांत त्याच्या राज्याच्या चोविसाव्या वर्षाचा एक आज्ञालेख आहे. भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत कोणी कसत नव्हते, गावही ओस पडले होते. हे कळताच राजाने व राजमातेने त्याऐवजी सरकारी शेतातून १०० निवर्तने जमीन दिली. दिलेले दान पुढे कामी येते की नाही, याची चौकशी करणारे राजे विरळाच!

गौतमीपुत्राच्या मागे त्याचा पुत्र पुळुमावी गादीवर आला. त्याच्या एकोणिसाव्या वर्षी वृद्ध बलश्रीने त्याच लेणीसमूहात आपल्या दिवंगत मुलाची कीर्ती कोरविली. प्रजेच्या सुखदुःखाशी समरस होणारा आणि धर्माला अनुसरून कर घेणारा असे त्याचे वर्णन तिने केले आहे.

इ. स. १९०६ मध्ये नाशिकजवळ, दारणा व गोदावरी यांच्या संगमाशी, जोगलटेंभी येथे रुप्याच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा होता. कित्येकांवर त्या ठशाच्या आडून नहपानाचा चेहरा व मोडकी ग्रीक अक्षरे अजून डोकावत होती.