पाचगणीत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी: त्याचे जुने अल्बम आज टिकतात का?

क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फर्रुख बल्सारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६चा, झांझिबारमधल्या पारशी कुटुंबातला. आईवडिलांनी त्याला शिकायला सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. तिथेच पियानोवर त्याचा हात बसला आणि मित्रांसोबत 'द हेक्टिक्स' हा बँड उभा राहिला.

१९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७० मध्ये क्वीनची सुरुवात झाली. १९७३चा पहिला अल्बम स्टुडिओ रिकामा मिळेल तेव्हा रेकॉर्ड झाला. त्यातला ड्रम्सचा आवाज खुद्द बँडलाच पटला नव्हता. शेवटी २०२४ मध्ये तो नव्याने मिक्स करून बाजारात आला. थोडक्यात, जुनं ते सगळंच सोनं नाही.

पण १९७४च्या 'शिअर हार्ट अटॅक' अल्बममधलं 'स्टोन कोल्ड क्रेझी' ऐका. जेमतेम सव्वादोन मिनिटांचं, सुसाट सुटलेलं गाणं. थ्रॅश मेटल हा प्रकार तेव्हा जन्मालाही आला नव्हता. पुढे मेटालिकाने हेच गाणं वाजवलं आणि १९९१ मध्ये मेटल गटातलं ग्रॅमी जिंकलं.

त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला, एड्सशी झुंजणाऱ्या फ्रेडीचं लंडनमध्ये निधन झालं. तो अवघा ४५ वर्षांचा होता.