छात्रसेनेचे पंडितजी

खाकी गणवेश, चकचकीत बूट आणि टोपीवरचा लाल तुरा अशा थाटात कॉलेजच्या मैदानावर परेड करणारी मुले-मुली आपण सर्वांनीच पाहिली आहेत. पण ज्यांच्या समितीच्या अहवालातून ही राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपली एन.सी.सी., उभी राहिली, ते पंडित हृदयनाथ कुंझरू त्यांतल्या कितींना ठाऊक असतील, याची मला शंकाच आहे. मराठी माणसाला हे नाव आठवते ते वेगळ्याच कारणाने. १९५३ साली नेमलेल्या फाजलअली आयोगाचे ते सदस्य होते आणि या आयोगाने संयुक्त महाराष्ट्राची मागणी नाकारली होती. तो राग समजण्याजोगा आहे. तरीही आपल्या मुलांवर या गृहस्थांचे मोठे ऋण आहे, असे मला वाटते.

कुंझरूंचा जन्म १८८७ चा. घराणे काश्मिरी पंडितांचे. वडील अयोध्यानाथ हे काँग्रेसच्या आरंभकाळातले पुढारी. मुलगा लहान असतानाच ते वारले. १९०९ साली हृदयनाथ नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. तुटपुंज्या वेतनावर जन्मभर देशकार्य करायचे, हे तिथले व्रत. १९११ मध्ये पत्नी गेली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. पुण्यातल्या या संस्थेचे अध्यक्षपद १९३६ पासून अखेरपर्यंत त्यांच्याकडेच होते.

असा मवाळ, सनदशीर मार्गाने चालणारा माणूस लष्करी शिक्षणाकडे वळला कसा? त्याचे उत्तर त्या काळात आहे. इंग्रजांनी काही जाती लढाऊ ठरवल्या आणि बाकीच्यांना सैन्याचे दार जवळजवळ बंद केले. १९२० साली राखीव दलांचे दोन कायदे झाले, त्यांतही एक दल युरोपियनांचे आणि दुसरे हिंदी लोकांचे. बालवीर चळवळसुद्धा सुरुवातीला गोऱ्या मुलांसाठीच होती. तेव्हा १९१८ साली अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, श्रीराम वाजपेयी आणि कुंझरू यांनी हिंदी मुलांसाठी सेवा समितीची बालवीर संघटना काढली. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात गेल्यावर, लष्करात हिंदी अधिकारी वाढवा, असा आग्रह ते धरीत राहिले. स्वराज्य मागायचे आणि संरक्षण मात्र परक्यावर सोपवायचे, हे त्यांना पटणारे नव्हते.

१९४६ साली छात्रसेनेच्या योजनेसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी अहवाल तयार झाला. १९४८ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी जुलैत छात्रसेना सुरू झाली. कॉलेजसाठी एक विभाग, शाळांसाठी दुसरा. १९४९ पासून मुलींचाही. त्याच वर्षी नोकरी-धंदा सांभाळून देशसेवा करू पाहणाऱ्या प्रौढांसाठी प्रादेशिक सेनाही उभी राहिली. छात्रसैनिकावर मात्र युद्धावर जाण्याची सक्ती कायद्याने ठेवली नाही. १९५० साली बालवीरांच्या वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली; त्या कामातही पंडितजी पुढे होते.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ साली छात्रसेना कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. यातला धडा मला मोलाचा वाटतो. सक्तीने मैदान भरते. पण पहाटे उठून स्वतःचे बूट स्वतः घासणारा मुलगा मनातून तयार व्हावा लागतो.

खुद्द पंडितजींनी गणवेशाचा वा सन्मानाचा मोह कधी धरला नाही. घटना समितीत त्यांनी किताबांना विरोध केला होता. म्हणून १९६८ साली भारतरत्न देऊ केले गेले, तेव्हा त्यांनी ते नम्रपणे नाकारले. १९७८ च्या एप्रिलमध्ये ते गेले.

अभ्यास बुडेल, ऊन लागेल, मुलीच्या जातीला कशाला ही परेड, असे अनेक घरांत आजही म्हटले जाते. अशा आईबापांना माझे एवढेच सांगणे आहे. छात्रसेनेत गेलेले प्रत्येक मूल सैन्यात जात नाही, जाण्याची अटही नाही. पण वेगळी भाषा, वेगळी जात, वेगळे गाव असलेल्या मुलांबरोबर एका तंबूत दहा दिवस राहिलेले मूल घरी येते, ते थोडे मोठे होऊन येते. मुलाने फॉर्म आणला, तर सही करायला मागेपुढे पाहू नका.